एल्सी इंग्लिस : रुग्णालयं लक्षात राहिली, मताधिकाराची चळवळ कुठे गेली?

रानजाई

एल्सी इंग्लिस हे नाव पहिल्या महायुद्धाबद्दल वाचणाऱ्यांना माहीत असतं. सर्बियात टायफसच्या साथीत काम करणारी, शत्रूच्या कैदेत राहिलेली स्कॉटिश डॉक्टर. क्लाइड्सडेल बँकेच्या २००९ च्या मालिकेत पन्नास पौंडांच्या नोटेवर तिचं चित्र होतं. सर्बियाने 'व्हाइट ईगल' हा सन्मान पहिल्यांदा एका बाईला दिला तो तिला, १९१६ मध्ये. हे सगळं ठीकच आहे. मला बोलायचंय ते त्याच्या आधीच्या वीस वर्षांबद्दल.

जन्म १६ ऑगस्ट १८६४, नैनीताल. वडील जॉन इंग्लिस मुलकी सेवेत, अवधचे चीफ कमिशनर होते. निवृत्तीनंतर काही काळ टास्मानिया, मग १८७८ पासून एडिनबरा. मुलीने शिकावं असं त्या काळात मनापासून वाटणारा बाप. १८९२ मध्ये ती डॉक्टर झाली. मग लंडनला एलिझाबेथ गॅरेट अँडरसनच्या बायकांच्या रुग्णालयात नोकरी, मग डब्लिनच्या रोटुंडा प्रसूतिगृहात अनुभव, आणि १८९४ मध्ये परत येऊन जेसी मॅकग्रेगर या दुसऱ्या डॉक्टरबाईंबरोबर एडिनबरात दवाखाना.

लंडनमध्ये तिने जे पाहिलं त्यामुळे ती मताधिकाराकडे वळली. शस्त्रक्रिया बाईची, आणि ती करायची की नाही हे नवरा ठरवणार. नवरा 'नाही' म्हणाला की विषय संपला. एडिनबराला आल्यावर ती तिथल्या मताधिकार संस्थेची मानद सचिव झाली. दवाखाना सांभाळून आठवड्याला चार-चार सभा, स्कॉटलंडभर आगगाडीने हिंडणं. पुढे सगळ्या संस्थांचं मिळून स्कॉटिश फेडरेशन झालं, त्याचं सचिवपदही १९१४ पर्यंत तिच्याकडेच.

ऑगस्ट १९१४ मध्ये लढाई सुरू झाली. बायकांनी चालवलेली फिरती रुग्णालयं द्यायची तयारी घेऊन ती युद्ध खात्याकडे गेली, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने "बाईसाहेब, घरी जा आणि शांत बसा" असं सांगितलं म्हणतात. हा किस्सा सगळे सांगतात. त्यापुढचं फारसं कोणी सांगत नाही. घरी न बसता ती फेडरेशनच्या बैठकीत गेली आणि तिथेच 'स्कॉटिश विमेन्स हॉस्पिटल्स'ची योजना मंजूर करून घेतली. पहिले शंभर पौंड स्वतःचे घातले. बाकीचे कुठून आले? ज्या गावात मताधिकाराची शाखा होती, तिथून.

म्हणून माझं म्हणणं, ती आधी संघटक, मग डॉक्टर. पण स्मारकं सगळी डॉक्टरची. असं का झालं असावं? आणि मवाळ मार्गाने चाललेल्या या बायकांचं श्रेय खिडक्या फोडून तुरुंगात जाणाऱ्या पँकहर्स्टबाईंच्या जहाल मंडळींनी खाल्लं, असं तुम्हाला वाटतं का?

टवाळ

रुमाल टाकून ठेवतो. पन्नास पौंडांची नोट कुणाकडे असेल तर फोटो नको, नोटच पाठवा.

धुकटवाट

एडिनबरात राहते म्हणून लिहिते. रॉयल माइलवर हाय स्ट्रीटला तिचं 'द हॉस्पिस' होतं, १९०४ पासून. गरीब बायकांसाठी प्रसूतिगृह आणि दवाखाना, काम करणाऱ्या सगळ्या बायका. आजूबाजूला तेव्हा एकेका खोलीत सहा-सहा माणसं राहायची. पैसे नसलेल्या रुग्णांचं बिल ती सोडून द्यायची, आणि बाळंतिणीला चार दिवस समुद्राकाठी विश्रांतीला पाठवायची असेल तर खर्चही स्वतःच करायची. आता तिथे एक पाटी आहे. पर्यटक तिच्यासमोर उभं राहून बॅगपाइपवाल्याचा फोटो काढतात.

तिच्या नावाने १९२५ मध्ये होलीरूडजवळ मोठं प्रसूतिगृह उघडलं, १९८८ मध्ये बंद पडलं. आमच्या जिन्यातल्या आजी "मी एल्सी इंग्लिसची" असं सांगतात. म्हणजे तिथे जन्मलेली. बाई कोण, काय करत होती, ते त्यांना मी सांगितलं. मताधिकाराचं ऐकून म्हणाल्या, "तरीच. नर्सा फार कडक होत्या तिथल्या."

पुतळ्याचं तर विचारूच नका. रॉयल माइलवर पुतळा हवा म्हणून लोकांनी वर्गणी काढली. शिल्पकारांकडून प्रस्ताव मागवले. मग ती स्पर्धाच रद्द झाली आणि काम एका नामवंत पुरुष शिल्पकाराला द्यायचं ठरलं. त्यावरून इतका गदारोळ झाला की बाई असत्या तर पुन्हा फेडरेशनची बैठक बोलावली असती.

तिरफळ

लेख चांगला आहे, पण शेवटच्या प्रश्नाशी असहमत. श्रेय खाल्लं म्हणजे काय? एडिनबराची ती संस्था १८६७ ची. म्हणजे १९१४ पर्यंत सत्तेचाळीस वर्षं अर्ज, सभा, ठराव, शिष्टमंडळं. मिळालं काय? नगरपालिका आणि शाळा मंडळापुरतं मत. पार्लमेंटचं नाही. अर्ज करणाऱ्याला सरकार चहा पाजून परत पाठवतं, तेच चाललं होतं. जहाल आल्यावर वर्तमानपत्रांत निदान रोज नाव यायला लागलं.

रानजाई

तिरफळ, नाव येणं आणि संघटना असणं वेगळं. १९१४ मध्ये जहालांपेक्षा मवाळांच्या शाखा आणि सभासद कितीतरी जास्त होते. खिडकी फुटली की बातमी होते. गावोगावच्या ठरावांची होत नाही.

निशाचर

अहो पण खिडकी काय फुटली ते तरी बघा! स्कॉटलंडच्या जहाल बायका म्हणजे एकेक नमुना. एथेल मूरहेड, चित्रकार. १९१० मध्ये डंडीला चर्चिलच्या सभेत त्याच्यावर अंडं फेकलं. (चर्चिल तेव्हा डंडीचा खासदार. त्याआधी १९०८ च्या पोटनिवडणुकीत एका आयरिश बाईने तो बोलायला लागला की घंटा वाजवून त्याला बोलूच दिलं नव्हतं.) १९१२ मध्ये स्टर्लिंगला वॉलेस स्मारकातल्या तलवारीची काच फोडली. म्हणजे निशाण कुठलं निवडलं पाहा! स्वातंत्र्यासाठी लढलेल्या माणसाच्या तलवारीची काच. तुरुंगात उपोषण केलं, आणि फेब्रुवारी १९१४ मध्ये एडिनबराच्या कॅल्टन तुरुंगात तिला नळीने जबरदस्तीने अन्न घातलं गेलं. स्कॉटलंडमध्ये हे पहिल्यांदा तिच्यावर झालं. फुप्फुसांना संसर्ग होऊन ती मरायला टेकली तेव्हा सोडली. लगोलग व्हाइटकर्कचं मध्ययुगीन चर्च जळालं.

हे सगळं मवाळ बायकांनी 'अयोग्य' म्हणून निषेधलं. त्यांचा निषेध मला समजतो. पण नळी घालणाऱ्यांचा निषेध त्यांनी तितक्याच जोरात केला का?

चकली

आणि १९११ ची जनगणना! 'मत नाही तर मोजणी नाही' म्हणून बायका रात्रभर घराबाहेर राहिल्या. एडिनबरात काहीजणी 'कॅफे व्हेजिटेरिया' नावाच्या शाकाहारी हॉटेलात जमल्या होत्या. १९११ साली स्कॉटलंडमध्ये शाकाहारी हॉटेल. क्रांती ती हीच.

टवाळ

चकली, जनगणनेत सापडू नये म्हणून शाकाहारी हॉटेल एकदम सुरक्षित. तिथे कोण शोधायला जाणार?

बखरकार

निशाचरांनी मूरहेडची गोष्ट अर्धी सांगितली. उरलेली अर्धी या धाग्याच्या विषयाशी येऊन भिडते, म्हणून जरा लांब लिहितो.

मूरहेडला तुरुंगातून सोडलं ते डॉ. ग्रेस कॅडेल यांच्या घरी, त्यांच्या देखरेखीखाली. ही ग्रेस कॅडेल एल्सी इंग्लिसची कॉलेजातली सहकारी. सोफिया जेक्स-ब्लेक हिने १८८६ मध्ये एडिनबरात बायकांसाठी वैद्यकीय शाळा काढली. ही तीच जेक्स-ब्लेक, जिच्या तुकडीला १८६९ मध्ये विद्यापीठाने आधी घेतलं आणि पुढे पदवी नाकारली. १८७० मध्ये परीक्षेच्या दारात विद्यार्थ्यांनी दंगल केली, वर्गात मेंढी घुसवली. एवढं सोसलेली बाई. पण स्वतःच्या शाळेत इतकी करडी की सुनेची सासू झाली म्हणावं. लीथच्या रुग्णालयात संध्याकाळी ठरलेल्या वेळेनंतर विद्यार्थिनींनी थांबायचं नाही, असा नियम. १८८८ मध्ये काहीजणी एका रुग्णापाशी थांबल्या. त्यात ग्रेस आणि तिची बहीण आयना. दोघींना काढून टाकलं. बहिणी कोर्टात गेल्या आणि जिंकल्या.

एल्सी तेव्हा त्याच शाळेत होती. तिने मुलींची बाजू घेतली, आणि वडील आणि त्यांच्या ओळखीचे लोक यांच्या मदतीने १८८९ मध्ये सरळ दुसरं कॉलेजच काढलं. ओळखीचे म्हणजे कोण, तर सर विल्यम म्यूर. वायव्य प्रांताचे माजी लेफ्टनंट गव्हर्नर आणि तेव्हा एडिनबरा विद्यापीठाचे प्राचार्य. एल्सी पंचविशीची, अजून विद्यार्थिनी. एडिनबराच्या मोठ्या इस्पितळात बायकांना प्रवेश नव्हता, म्हणून प्रत्यक्ष रुग्णांवरचं शिक्षण घ्यायला ती ग्लासगोला सर विल्यम मॅक्युएन यांच्याकडे गेली.

तर या दोघी एकाच भांडणातून निघालेल्या. एल्सी मवाळ झाली, ग्रेस जहालांत गेली. ग्रेसने मत नाही तर कर नाही म्हणून कर भरला नाही. १९१२ मध्ये तिच्या घरातलं सामान जप्त करून एडिनबराच्या मर्कॅट क्रॉसवर लिलावात काढलं, आणि बायकांनी त्या लिलावाचीच सभा करून टाकली. उपोषण करून अर्धमेल्या झालेल्या कैद्यांना तिच्या घरी आणायचे. १९१३ च्या 'मांजर-उंदीर' कायद्याप्रमाणे बऱ्या झाल्या की पुन्हा आत. त्या बऱ्याच वेळा बऱ्या व्हायच्या आत तिच्या घरातून पसार होत.

मवाळ-जहाल असे दोन डबे करून बोलणं सोपं आहे. इथे एकीने रुग्णालय काढलं आणि दुसरीने घराचंच रुग्णालय केलं.

रानजाई

बखरकार, दंडवत. लिलावाचा प्रसंग मला माहीत नव्हता.

तिरफळ

बखरकारांनी माझंच म्हणणं माझ्यापेक्षा चांगलं मांडलं, धन्यवाद. कॉलेज फोडणं, कोर्टात जाणं, कर न भरणं, यात मवाळ काय आहे?

बखरकार

कोर्टात जाणं मवाळच असतं हो. जहाल असता तर लीथचं रुग्णालय पेटलं असतं.

शेवंती

इतके प्रतिसाद झाले आणि रखमाबाईंचं नाव कुणी काढलं नाही?

रखमाबाईंचा जन्मही १८६४ चाच, नोव्हेंबरचा. एल्सीहून तीन महिन्यांनी लहान. नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, नांदायला यावं म्हणून घातलेला खटला १८८४ ते ८८. नंतर त्या लंडनला डॉक्टर व्हायला गेल्या. मुंबईत त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या डॉक्टरबाई कामा रुग्णालयाच्या एडिथ पीची. या पीचीबाई म्हणजे एडिनबराच्या त्याच १८६९ च्या तुकडीतल्या, जेक्स-ब्लेकच्या बरोबरीच्या. रसायनशास्त्रात पहिल्या आल्या तर शिष्यवृत्ती बाई म्हणून नाकारली. १८८३ च्या शेवटी मुंबईत आल्या.

आणि इंग्लंडमध्ये रखमाबाईंना आधार दिला तो वॉल्टर आणि ईव्हा मॅकलॅरन या दांपत्याने, दोघेही मताधिकाराच्या चळवळीतले. वॉल्टरची आई प्रिसिला ब्राइट मॅकलॅरन. त्या कोण? एडिनबराच्या मताधिकार संस्थेच्या अध्यक्षा. रानजाईंच्या लेखात एल्सी ज्या संस्थेची मानद सचिव झाली, तीच संस्था!

म्हणजे ज्यांना तिरफळ अर्ज करत बसलेल्या बायका म्हणतात त्या घरातल्या लोकांनी दुसरीकडे असंही काही केलं. चहा पाजून परत नाही पाठवलं.

मोगरा५७

शेवंतीताई, मोदक. हा दुवा कधी कुठे एकत्र वाचला नव्हता. रखमाबाईंवर वेगळा धागा काढाच.

तिरफळ

शेवंतीताई, सपशेल शरणागती. मॅकलॅरन घराण्यापुरती. बाकी सत्तेचाळीस वर्षांचं गणित तसंच राहतं.

उलटतपासणी

सगळं छान चाललंय, जरा विरजण घालतो.

एल्सीचे वडील अवधचे चीफ कमिशनर. अवध म्हणजे १८५७ नंतर ब्रिटिशांनी पुन्हा चिरडून हातात घेतलेला प्रदेश. तिचं शिक्षण, नवं कॉलेज काढायला लागणाऱ्या ओळखी, विल्यम म्यूर, ही सगळी पुण्याई शेवटी आपल्या शेतसाऱ्याची. १८६४ मध्ये त्याच अवधमधल्या एखाद्या शेतकऱ्याच्या मुलीचा जन्म झाला असेल, तिच्यावर कोण धागा काढणार? या बायका 'ब्रिटिश स्त्रीला मत' मागत होत्या. साम्राज्याला धक्का लावायचा नव्हता त्यांना. युद्धात सेवा करून 'आम्हीही लायक' हे सिद्ध करायचं होतं. मला त्यांचं कौतुक आहे, पण आपण इतकं भारावून का जायचं?

शेवंती

उलटतपासणी, मुद्दा रास्त आहे. पण रखमाबाईंना विचारलं असतं तर त्यांनी 'तुमचे पैसे कुठून आले' असं म्हणून जहाजाचं तिकीट परत केलं असतं का? त्यांच्यामागे इथला समाज उभा नव्हता, हेही खरंच ना? टिळकांनी 'केसरी'तून काय लिहिलं ते शोधून वाचा, म्हणजे विरजण दोन्हीकडे सारखं पडेल.

उलटतपासणी

तिकीट परत करावं असं कोण म्हणतंय? तिकिटाचा हिशेब मांडावा म्हणतो. आणि केसरीचं वाचलंय. ते मी झाकतही नाही.

संपादक

केसरी-सुधारक वाद या धाग्यावर नको. त्यावर आधीच तीन धागे आहेत आणि तिन्ही कुलूपबंद करावे लागले.

टवाळ

चौथ्याला आत्ताच कुलूप आणून ठेवा.

निशाचर

साम्राज्याचा विषय निघालाच आहे तर ही गंमत ऐका. जुलै १९१४ मध्ये अलोवे इथलं कवी रॉबर्ट बर्न्सचं जन्मघर उडवून द्यायला दोन बायका रात्री सायकलवरून गेल्या. एक निसटली, एक पकडली गेली. पकडलेली फ्रान्सेस पार्कर. ती लॉर्ड किचनेरची भाची! तोच किचनेर, जो १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती होता. पुढच्याच महिन्यात युद्ध सुरू झालं आणि किचनेर युद्धमंत्री झाला. म्हणजे ज्या युद्ध खात्याने एल्सी इंग्लिसला घरी जाऊन बसायला सांगितलं, त्याचा मुख्य हाच मामा.

घरी बसा म्हटलेली सर्बियाच्या आघाडीवर रुग्णालय चालवायला निघाली आणि घर उडवायला निघालेली भाची सुटल्यावर लष्कराच्या महिला दलात दाखल होऊन सन्मानपदक घेऊन आली. या मामाने कुणाला कुठे बसायला सांगावं!

चकली

उद्या माझी भाची आली की तिच्या सायकलची पिशवी तपासणार.

अबोली_बेळगाव

मला युद्धाच्या भागाबद्दल विचारायचंय. तिने प्रत्यक्ष किती काम केलं? की नुसतं संघटन?

धुकटवाट

अबोली, भरपूर. ती फ्रान्समध्ये फारशी नव्हती. तिथे रोयोमाँ नावाच्या तेराव्या शतकातल्या मठात त्यांचं मोठं रुग्णालय होतं, ते फ्रान्सेस आयव्हन्स ही सर्जन चालवत होती. सर्जनपासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्या बायका, आणि १९१९ पर्यंत दहा हजारांवर सैनिकांवर उपचार झाले.

सर्बियात १९१५ च्या सुरुवातीला टायफसची भयंकर साथ होती. क्रागुयेव्हाट्सच्या त्यांच्या रुग्णालयातल्या काही परिचारिका गेल्या. त्यात मॅज नील फ्रेझर होती, स्कॉटलंडकडून खेळलेली गोल्फपटू. तिथली प्रमुख डॉ. सोल्टौ आजारी पडली तेव्हा तिच्या जागी एल्सी स्वतः गेली. उवांमुळे टायफस पसरतो, त्यामुळे काम म्हणजे कपडे उकळणं, डोकी भादरणं, भिंती धुणं, नाल्या काढणं. शरद ऋतूत जर्मन-ऑस्ट्रियन फौजा आल्या तेव्हा सर्बियन सैन्य डोंगरांतून माघार घेत निघालं. ती क्रुशेव्हाट्सला रुग्णांपाशीच थांबली. 'झार लाझार' रुग्णालयात माणसं फळ्यांवर, जमिनीवर, जिन्यात. कैदेतच डॉक्टरकी केली आणि फेब्रुवारी १९१६ मध्ये मायदेशी पाठवली गेली.

सहा महिन्यांत पुन्हा निघाली. या वेळी रशियामार्गे, रुमेनियातल्या दोब्रुजाच्या आघाडीवर सर्बियन तुकडीबरोबर.

फिरस्ता

बेलग्रेडला कामासाठी जाणं होतं. जवळ म्लादेनोव्हाट्सला तिच्या सन्मानार्थ बांधलेलं पाण्याचं कारंजं आहे, १९१५ चं. म्हणजे ती जिवंत असताना, तिथे काम करत असताना बांधलेलं. सर्बियाने २०१५ मध्ये त्या काळातल्या सहा ब्रिटिश बायकांची टपाल तिकिटं काढली, त्यातही ती आहे. माझ्या सर्बियन सहकाऱ्यांना तिचं नाव माहीत होतं. त्याच ऑफिसातल्या ग्लासगोच्या माणसाला नव्हतं.

त्या सहांमधली एक इझाबेल हटन पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे हिंदुस्थानात आली आणि इथल्या रेडक्रॉसच्या कामात होती. अवांतर आहे, पण तुमच्या दुव्यांत बसतं.

बखरकार

रशियाच्या तुकडीत आणखी एक बाई होती, ती मवाळ-जहाल वादासाठी महत्त्वाची. एव्हेलिना हॅव्हरफील्ड. स्कॉटलंडमध्ये जन्मलेली लॉर्डची मुलगी, पक्की जहाल, कितीदा अटक झालेली. घोड्यांची जाणकार. एल्सीच्या हाताखाली वाहतूक विभागाची प्रमुख म्हणून गेली. तिच्या ड्रायव्हर पोरींनी केस कापून टाकले होते. म्हणजे आघाडीवर मवाळ सेनापती आणि जहाल सरदार, आणि कारभार चालला.

पोळीभाजी

सैन्यावरून आठवलं, फ्लोरा ड्रमंड! 'जनरल' म्हणायचे तिला. लहानपण अॅरन बेटावर. पोस्टमास्तरीणबाईची परीक्षा पास झाली, पण उंची पाच फूट एक इंच आणि नियमात पाच-दोन, म्हणून नोकरी नाही. एका इंचाने पोस्ट खात्याने वैर ओढवून घेतलं. ऑक्टोबर १९०९ मध्ये एडिनबरातून प्रचंड मिरवणूक निघाली, त्यात ही घोड्यावर. त्याच मिरवणुकीत नऊ वर्षांची बेसी वॉटसन बॅगपाइप वाजवत होती. नंतर ती पोरगी कॅल्टन तुरुंगाबाहेर जाऊन आतल्या बायकांसाठी वाजवायची.

टवाळ

आमच्या गल्लीतल्या ढोलपथकात नऊ वर्षांची पोरं आहेत. तुरुंगाबाहेर नको, तुरुंगाच्या आतच पाठवावीशी वाटतात.

अबोली_बेळगाव

धुकटवाट, धन्यवाद. मग मूळ प्रश्न. या रुग्णालयांमुळे बायकांना मत मिळालं का? शाळेत तर 'युद्धात बायकांनी काम केलं म्हणून मत मिळालं' असंच शिकलो.

लोकशाहीर

अबोली, अंशतः. १९१८ चा कायदा मुळात बायकांसाठी आणलाच नव्हता. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पुरुषालाही मत हवं तर एकाच जागी बारा महिने वास्तव्य हवं. लाखो सैनिक आघाडीवर गेले, त्यांचं वास्तव्य तुटलं. निवडणूक घेतली तर लढणाऱ्यांनाच मत नाही, अशी नामुष्की. म्हणून सगळी मतदारयादीच नव्याने मांडावी लागली. ते दार उघडलं तेव्हा बायकांचा प्रश्न आत घुसला, कारण तो सतत दारात उभा होता. तिथे तिरफळांच्या जहालांचं आणि रानजाईंच्या मवाळांचं दोघांचं काम आहे.

जून १९१७ मध्ये कॉमन्समध्ये बायकांचं कलम ३८५ विरुद्ध ५५ ने पास झालं. कायदा ६ फेब्रुवारी १९१८. पण कुणाला? तीस वर्षांवरच्या, आणि घर किंवा मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या. असं करून सुमारे ८४ लाख बायका आल्या. दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबलेल्या पोरी बहुतेक तिशीच्या आतल्या. त्यांना काही नाही. म्हणजे 'काम केलं म्हणून मत' हे खरं असतं तर सगळ्यात आधी त्यांना मिळालं असतं. पुरुषांच्या बरोबरीने मत १९२८ मध्ये.

आपल्याकडे मुंबईच्या कायदेमंडळाने १९२१ मध्ये स्त्रियांवरची बंदी उठवली. तिथेही मालमत्तेची अट होतीच. त्या मागणीत रमाबाई रानडे पुढे होत्या.

तिरफळ

हे पटलं. 'सतत दारात उभा होता' हे विशेष.

उलटतपासणी

आणि एल्सीने स्वतः मत दिलं का?

धुकटवाट

नाही. १९१७ च्या शरदात ती रशियात होती. क्रांती झालेली, सगळं कोसळत होतं. सर्बियन सैनिकांना तिथून बाहेर काढल्याशिवाय मी येणार नाही, यावर अडून बसली. कॅन्सर झाला होता. शेवटी सर्बियन तुकडीसकट जहाजाने निघाली. २५ नोव्हेंबरला न्यूकॅसलला उतरली, डेकवर उभं राहून सर्बियन अधिकाऱ्यांचा निरोप घेतला, आणि दुसऱ्या दिवशी गेली. कायदा व्हायला दहा आठवडे राहिले होते. अंत्यविधी सेंट जाइल्समध्ये, डीन दफनभूमीत पुरलं. बखरकारांची ग्रेस कॅडेलही १९१८ मध्येच गेली.

उलटतपासणी

हं.

कात्रणवही

उशिरा आले, पण रानजाईंच्या मूळ प्रश्नाला कुणी सरळ उत्तर दिलं नाही म्हणून लिहिते. ती संघटक म्हणून का आठवली जात नाही, यात थोडा तिचाही हात आहे. रुग्णालयांच्या नावात 'मताधिकार' हा शब्द ठेवला नाही. 'स्कॉटिश विमेन्स' एवढंच. मताधिकाराच्या विरोधात असलेल्या घरांतूनही पैसा यावा म्हणून. पत्रांच्या माथ्यावर नॅशनल युनियनचं, म्हणजे मवाळ मताधिकार संस्थांच्या देशव्यापी संघाचं नाव असायचं, पण वर्गणी देणारा माथा कुठे वाचतो? पैसा आला. पण लोकांच्या मनात रुग्णालय राहिलं, युनियन गेली.

आणि पैशाचं म्हणाल तर उलटतपासणींच्या हिशेबात एक ओळ वाढवा. विल्हेल्मिना ॲबट नावाची डंडीची बाई, एडिनबराच्या त्याच संस्थेची कार्यकर्ती, या रुग्णालयांसाठी निधी जमवायला दोन वर्षं हिंदुस्थान, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये व्याख्यानं देत फिरली. ६०,००० पौंड जमवले. त्यातले काही इथून गेले.

उलटतपासणी

बघा. शेतसाराही आमचा आणि वर्गणीही आमचीच.

रानजाई

कात्रणवही, नाव मुद्दाम सोडलं हे मान्य, पण मला तो तोटा वाटत नाही. १९१४ मध्ये पैसा हवा होता, आणि तो तिने मिळवला. स्मारकात काय लिहायचं हे नंतरच्या लोकांनी ठरवलं. त्यांना पत्राचा माथा वाचता येत होता. तिची पाटी लावणाऱ्यांनी फेडरेशनची एक ओळ घालायला काय हरकत होती?

आणि उलटतपासणी, वर्गणीची पावती हवी असेल तर एडिनबराला धुकटवाट आहेत.

धुकटवाट

पावती शोधते. पुतळ्याची वर्गणी मात्र कुणी मागू नका, त्याची चौकशी मीच करतेय.

टवाळ

म्हणजे पन्नासची नोट आता नक्की येत नाही.